पन्नाशीची सेसना १७२: सहा वर्षं सांभाळल्यानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू न्यूट्रल वगैरे नाहीये. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या वस्तूचं माणूस एकतर जास्त कौतुक करतो नाहीतर जास्त शिव्या घालतो, माझ्याकडून दोन्ही होणारे. विमान आहे १९७५ चं सेसना १७२ एम. चार सीट, एक इंजिन, पंख डोक्यावर, चाकं कायम बाहेर. मी आणि दोन मित्र, तिघांत मिळून घेतलं, सहा वर्षं झाली, साडेसहाशे तास उडवलं. "जुनं विमान घ्यावं का रे" असं महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच आणि दर वेळी तेच तेच बोलून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

लग्न पहावं करून, घर पहावं बांधून म्हणतात ना, ते म्हणणाऱ्यांनी विमान घेतलं नव्हतं.

१७२ च का, तर आळस. खरंच. हे मॉडेल १९५६ पासून बनतंय, आत्तापर्यंत ४४ हजारांच्या वर झालीत, दुसरं कुठलंच विमान एवढ्या संख्येनं बनलेलं नाही. याचा फायदा काय, तर कुठल्याही मेकॅनिकनं याचं काउलिंग (इंजिनावरचं झाकण) आधी कधीतरी उघडलेलं असतं, पार्ट मिळतो, आणि तुमचं जे बिघडलंय ते आधी हजार लोकांचं बिघडून झालेलं असतं. मजबुतीबद्दल विचाराल तर रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी १९५८-५९ मध्ये लास वेगासजवळ एक १७२ सलग ६४ दिवस २२ तास हवेत ठेवलं होतं, खाली रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकमधून पेट्रोल वर खेचून घेत. आणि १९८७ मध्ये माथियास रुस्ट नावाचा पोरगा फ्रान्समध्ये बनलेलं याच जातीचं विमान घेऊन थेट मॉस्कोच्या रेड स्क्वेअरजवळ उतरला. असले उद्योग आपल्याला करायचे नाहीत, पण विमान बिचारं कसं सहनशील आहे ते कळतं.

आता घेताना वर्ष बघून घ्या, कारण नाव एकच असलं तरी इंजिनं वेगळी आहेत. १९६७ पर्यंतच्या १७२ ला कॉन्टिनेंटलचं सहा सिलिंडरचं १४५ हॉर्सपॉवर. १९६८ पासून १९७६ पर्यंत लायकमिंगचं चार सिलिंडरचं ओ-३२०-ई२डी, १५० हॉर्सपॉवर, आमचं हेच. १९७७ ते १९८० ला १६० हॉर्सपॉवरचं एच२एडी आलं, ज्याचं कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट घासण्याबद्दल जुने लोक अजूनही नाक मुरडतात. पुढे त्यात सुधारणा झाल्या, नीट वापरलेली इंजिनं छान चालतातही, पण घेताना जास्त खोदून विचारा. १९८१ पासून परत वेगळं इंजिन, आणि १९८६ ला प्रॉडक्शनच बंद, ते १९९६ ला सुरू झालं. त्यामुळे या विमानाच्या बाबतीत जुनं म्हणजे १९८६ च्या आधीचं असं साधारण समजतात.

आम्ही पहिलं जे विमान बघायला गेलो ते हे नव्हतंच. ते पण १७२ एम, पण काय दिसायचं! नवाकोरा पांढरा पेंट, त्यावर निळे पट्टे, आत लेदरच्या सीट, पॅनलवर मोठी स्क्रीन. आणि विकणारा सारखा एकच गोष्ट सांगत होता की ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण खोलून नव्यासारखं केल्यानंतर, इंजिन फक्त ४०० तास चाललंय, फक्त ४०० तास. आम्ही तिघं तर जाग्यावर विरघळलो, एक मित्र तिथेच ॲडव्हान्स द्यायला निघाला होता. नशीब की आमच्याबरोबर मेकॅनिक काका होते. काकांनी पेंटकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही, आधी लॉगबुक मागितली आणि पाठीमागून पुढे वाचायला लागले. मग बोट ठेवून दाखवलं. ओव्हरहॉल अकरा वर्षांपूर्वीचं, आणि शेवटच्या तीन वर्षांत मिळून विमान उडलंय नऊ तास.

"फिल्टर काढू द्या," काका म्हणाले.

विकणाऱ्याची इच्छा नव्हती पण दिला काढून. ऑइल फिल्टर कापायचं एक हत्यार येतं, डबा उघडायच्या ओपनरसारखं, त्यानं काकांनी फिल्टरचं टोपण गोल कापलं, आतला घड्या घातलेला कागद सुरीनं दोन्ही कडांनी सोडवला आणि स्वच्छ फडक्यावर पेटीच्या भात्यासारखा पसरून उन्हात धरला. मला आधी काही दिसेना, नुसता काळा चिकट कागद. मग तो जरा तिरका केल्यावर घड्यांमध्ये बारीक चमक दिसायला लागली, एखाद्यानं चिमूटभर चमकी टाकावी तशी. काकांनी खिशातलं छोटं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावरून फिरवलं, तर ती चमक मॅग्नेटला दाढीसारखी लटकली. मॅग्नेटला चिकटतंय म्हणजे लोखंड, म्हणजे पोलादाचा कुठलातरी पार्ट आत स्वतःला खातोय. पुढे विकणाऱ्याच्या परवानगीनं एक सिलिंडर उतरवून आत बघितलं तर कॅमशाफ्टच्या लोबवर (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या उंचवट्यांवर) खड्डे, चेहऱ्यावर देवीचे व्रण असतात ना, अगदी तसे.

हे का होतं ते समजून घ्या, कारण जुन्या विमानाच्या खरेदीत यासारखं महत्त्वाचं काही नाही. या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. इंजिन चालू असताना खालून उडणाऱ्या तेलावर त्याचं भागतं. इंजिन बंद करून ठेवलं की तेल हळूहळू निथळून खाली सम्पमध्ये, म्हणजे तेलाच्या टाकीत, जातं आणि महिना दोन महिने गेले की वरचे लोब कोरडे पडतात, हवेतला दमटपणा आत असतोच, गंज धरतो. मग कधीतरी तीन महिन्यांनी कोणी हौसेनं स्टार्ट मारला की तो गंज सँडपेपरसारखा काम करतो. म्हणजे "फक्त ४०० तास" हे जाहिरातीत कौतुकानं लिहितात ती खरंतर धोक्याची घंटा असू शकते. तासांना वर्षांनी भागा. वर्षाला शंभर तास निघाले तर उत्तम, पन्नास म्हणजे ठीक, दहा-बारा निघाले तर सिलिंडर उघडून बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नका.

ते विमान सोडलं. वरून कीर्तन आतून तमाशा. जो मित्र ॲडव्हान्स द्यायला निघाला होता तो परतीच्या वाटेवर शब्द बोलला नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी हे मिळालं. एका फ्लाइंग क्लबचं ट्रेनिंगचं विमान, एअरफ्रेमचे (इंजिन सोडून विमानाच्या सांगाड्याचे) ९२०० तास, इंजिनाचे ओव्हरहॉलनंतर १३५० तास झालेले, कंपनी २००० तासांना ओव्हरहॉल करा म्हणते म्हणजे दोन तृतीयांश आयुष्य संपलेलं. पेंट असा की मूळचा रंग नारिंगी होता का तपकिरी यावर आमच्यात अजून वाद आहे. सीटचा फोम बाहेर आलेला, दार जोरात आपटल्याशिवाय लागत नव्हतं, पॅनलचं प्लास्टिक वाळक्या पानासारखं तडकलेलं. पण महिन्याला चाळीस तास उडत होतं, दर पन्नास तासांना ऑइल बदलल्याची नोंद, आणि लॉगबुक १९७५ च्या पहिल्या पानापासून सगळी, एकही गहाळ नाही. काकांनी दोन दिवस तपासलं आणि म्हणाले, "दिसायला वाईट आहे, घ्या."

तपासणीबद्दल दोन गोष्टी. मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याच्या विमानाची दर वर्षी तपासणी करणारा नको, माणूस कितीही चांगला असला तरी स्वतःचंच काम तो स्वतः काय चुकीचं म्हणणार. आणि विमान म्हणजे निम्मं कागद. कुठला एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सुरक्षेसाठी काढलेला सक्तीचा तपासणी-दुरुस्तीचा आदेश) कधी पूर्ण केला, पंख कधी बदलला होता का, कधी आपटलंय का, नाकाचं चाक कधी मोडलं होतं का, प्रॉपेलर जमिनीला लागून इंजिन उघडलं होतं का, हे सगळं लॉगबुकात असतं, आणि नसलं तर का नाही हा प्रश्न. सिरीयल नंबरची पाटी आणि कागदावरचा नंबर जुळतो का हे पण बघा, आणि विमानावर कोणाचं कर्ज आहे का ते पण. कंटाळवाणं काम आहे पण करा.

गंज मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आम्ही तिघांनी टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन अर्धा दिवस पोटावर पडून काढला. पेंटखाली अळी सरपटत गेल्यासारखी बारीक फुगीर रेघ दिसली तर ॲल्युमिनिअमचा गंज. रिव्हेटच्या मागे काळा धूर सुटल्यासारखा डाग म्हणजे रिव्हेट ढिला होऊन हलतोय. शेपटीचा आतला तळ बघा, पाणी तिथे साठतं. आणि उंदीर! उंदराचं घरटं निघालं तर नुसतं काढून हसू नका, त्यांच्या लघवीनं ॲल्युमिनिअम अक्षरशः खाल्लं जातं.

आता उडायला कसं आहे. मोठ्यांदा सांगतो, स्पीडसाठी हे विमान घेऊ नका. आमचं खऱ्या अर्थानं १०५ नॉट चालतं, म्हणजे ताशी १९५ किलोमीटरच्या जवळपास, समोरून जोराचा वारा असला की खाली हायवेवरच्या गाड्या बरोबरीनं चाललेल्या दिसतात आणि स्वतःच्या आयुष्याबद्दल प्रश्न पडतात. तासाला ३० लिटर पेट्रोल. वापरता येणारं पेट्रोल १४४ लिटर, तासाभराचं रिझर्व्ह बाजूला ठेवलं तर साडेतीन तासांची उडी, आणि त्याच्या आधी तुमची पाठ आणि मूत्राशय दोन्ही नाही म्हणतात. पण हळू उडताना जो स्वभाव आहे ना त्याला तोड नाही. स्टॉल (हळू उडताना पंखांची उचल सुटणं) येतो तोच मुळी सांगत सांगत येतो, आधी डाव्या पंखातली शिट्टी कुरकुरते, मग विमान थरथरतं, मग नाक आपलं आपण खाली घेतं. ४० डिग्री फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या झडपा) लावले की एवढ्या तीव्र उतारानं खाली येतं की नवीन माणसाला रनवे चुकला असंच वाटतं. नंतरच्या मॉडेलांत हे ३० वर आणलं, त्याला कारण आहे, पूर्ण ४० लावून ऐनवेळी परत वर जायचं ठरलं तर १५० हॉर्सपॉवरला धाप लागते. आम्ही ४० फक्त रिकाम्या विमानात आणि लांब रनवे असतानाच वापरतो. म्हणजे थोडक्यात गरज नसतानाच.

"चार सीट" हा शब्द पण जरा समजून घ्या. आमच्या विमानाचं रिकामं वजन ६४० किलो, जास्तीत जास्त परवानगी १०४३. उरले ४०३. टाक्या फुल्ल म्हणजे १०४ किलो पेट्रोल. राहिले २९९, त्यात ८० किलोची चार माणसं बसतच नाहीत, बॅगा तर सोडाच. म्हणजे एकतर तीन माणसं आणि पूर्ण पेट्रोल, नाहीतर चार माणसं आणि पाऊण टाकीच्या आसपास पेट्रोल. आम्ही पहिल्या वर्षी जुना बंद पडलेला एडीएफ (दिशा दाखवणारा) रेडिओ काढला, तेव्हा पॅनलमागून वायरींचा जो गुंता निघाला तो निघतच राहिला, कुठल्याकुठल्या दशकात कोणी काय बसवलं आणि वायर तशीच सोडून दिली, सगळं मिळून साडेचार किलो भरलं.

पहिलं वर्ष खर्चाचं असतं हे ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. विमानाची किंमत देऊन झाली की आपण मोकळे असं आम्हाला वाटत होतं. पहिल्या ॲन्युअल इन्स्पेक्शनला काकांनी जी यादी काढली ती वाचता वाचता आमच्यातला एकजण खाली बसला. व्हॅक्यूम पंप, एक मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी देणारा), नाकाच्या चाकाचे बुश, ब्रेकच्या नळ्या, बॅटरीचा डबा, एक्झॉस्टला क्रॅक. यातला पार्ट स्वस्त आणि त्याच्यापर्यंत पोचायची मजुरी महाग हा प्रकार इतका की चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला ही म्हण नक्की कोणा विमानवाल्यानंच काढली असणार. माझा हिशेब असा की घ्यायला जेवढे लागतात त्याचा एक मोठा हिस्सा पहिल्या वर्षासाठी वेगळा काढून ठेवता येत नसेल तर स्वस्तातलं विमान बघा किंवा थांबा. पार्किंग, इन्शुरन्स आणि वार्षिक तपासणी हे तुम्ही उडवा नाहीतर नका उडवू, लागणारच. आणि ओव्हरहॉलचा गल्ला वेगळा. आम्ही प्रत्येक तासामागे ठरलेली रक्कम त्यात टाकतो, त्याला कोणीही हात लावायचा नाही, लग्न असलं तरी नाही.

नाकाच्या चाकाची गोष्ट सांगायलाच हवी. उतरल्यावर चाक जमिनीला लागलं की सगळं पॅनल असं थडथडायचं की चष्मा नाकावरून घसरायचा. याला शिमी म्हणतात. आम्ही आधी शिमी डॅम्पर बदलला, थोडं कमी झालं. टायर बॅलन्स केला, अजून थोडं कमी. शेवटी बघितलं तर टॉर्क लिंकचे (चाक सरळ धरणाऱ्या सांध्याचे) बुश झिजून खिळखिळे झालेले. आधी स्वस्त बघायचं का मुळाशी जायचं, हा धडा तिथे मिळाला पण पाळला जातोच असं नाही. दुसरं म्हणजे आमच्या एका मित्रानं (नाव घेत नाही, घरी वाचतात) ब्रेक मऊ लागतोय म्हणून गाडीचं ब्रेक ऑइल ओतलं. विमानाच्या ब्रेकमध्ये लाल रंगाचं मिनरल हायड्रॉलिक ऑइल असतं, गाडीच्या ऑइलनं त्यातले रबरी सील फुगून खराब होतात. चमचाभर ओतलं असेल त्यानं, सगळी सिस्टीम उघडावी लागली.

जुन्या १७२ ची एक गोष्ट मस्करीची नाहीये, सीटचे रूळ. सीट मागे-पुढे सरकायच्या पट्टीवर भोकं असतात, सीटची पिन त्यात अडकते. भोकं वर्षानुवर्षं घासून लांबट होतात, पिन नीट बसत नाही, आणि टेकऑफला नाक वर गेलं की सीट पायलटसकट मागे सरकते. हातात योक (विमानाचं स्टिअरिंग) धरलेलं असतं, माणूस घाबरून तेच ओढतो, नाक आणखी वर, पुढचं सांगायला नको. यावर अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक खात्यानं १९८७ मध्येच डायरेक्टिव्ह काढला, दर शंभर तासांनी रूळ मोजायचे. घ्यायला जाल तेव्हा सीटखाली हात घालून एकेक भोक स्वतः बोटानं तपासा. मी अजूनही स्टार्ट करायच्या आधी दोन्ही पाय रोवून सीट मागे ढकलून बघतो, आणि पॅसेंजरला पण करायला लावतो, हसतात, हसू देत. वर एक जादाचा स्टॉप पण बसवून घेतलाय.

पेट्रोल. आमचं इंजिन ८० ऑक्टेनसाठी बनलेलं, ते पेट्रोल आता नाही, मिळतं ते निळं १०० लो-लेड. नावात लो असलं तरी त्यात जुन्या ८० पेक्षा चौपट शिसं असतं. ते शिसं खालच्या स्पार्क प्लगमध्ये मण्यांसारखं साठतं, मग रनअपला (उडण्याआधीच्या इंजिन तपासणीला) १७०० आरपीएमवर मॅग्नेटो तपासताना इंजिन कुंथायला लागतं. उपाय सोपा आहे, जमिनीवर टॅक्सी करताना मिक्श्चर चांगलं पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) ठेवायचं. आमच्या आधीच्या क्लबच्या पोरांना हे कोणी शिकवलेलं नव्हतं बहुतेक, पहिल्यांदा आठही प्लग काढले तेव्हा एकेकातून टोकदार सळईनं उकरून शिशाचे करडे मणी काढत बसलो होतो, फडक्यावर टपटप पडत होते.

त्याच शिशामुळे आमच्याकडे पुढचं रामायण झालं. तिसऱ्या वर्षी सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन लंगडायचं, मिनिटभर धडधडायचं आणि गरम झालं की एकदम शहाणं. इंजिन नंतर नीट चालतंय ना, मग जाऊ दे, असं आम्ही दोन आठवडे केलं. काकांना सहज बोलता बोलता सांगितलं तर ते ताडकन उठलेच. याला मॉर्निंग सिकनेस म्हणतात म्हणे, नाव गोड आहे, प्रकार असा की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये (त्याचा दांडा सरकतो त्या नळीत) शिसं आणि काजळी साठून व्हॉल्व्ह थंडपणी अडकतो. आज जमिनीवर मिनिटभर अडकला, उद्या हवेत अडकला तर पुशरॉड वाकतो. त्यावरचा इलाज बघून मी थक्क झालो. सिलिंडर न उतरवता काकांनी प्लगच्या भोकातून आत नायलॉनची दोरी सरकवली, हातभर, मग अजून हातभर, पोट भरेपर्यंत. मग हातानं प्रॉपेलर हळू फिरवला, पिस्टन वर आला आणि दोरी दाबून त्यानं व्हॉल्व्ह खालून धरून ठेवला. आता वरची स्प्रिंग काढली तरी आधार आहे. मग दोरी काढून व्हॉल्व्ह दांड्यापुरता आत सोडला, रीमर घालून गाइड साफ केलं, दांडा पुसला, एक्झॉस्टच्या बाजूनं चिमट्यानं तो परत जागेवर ओढला आणि पुन्हा दोरी. पन्नास वर्षांचं विमान, आणि इलाज काय, तर दोरी.

कंप्रेशन टेस्टला पण आम्ही आता स्वतः हजर असतो. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडतात आणि किती टिकते ते बघतात. आमचा तिसरा सिलिंडर एकदा ६२ वर आला. नुसत्या आकड्यानं घाबरायचं नाही, कान लावायचा. एक्झॉस्टच्या पाइपातून फुस्स ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आलं तर इनटेक, ऑइल भरायच्या नळीतून आलं तर रिंग. आमचं एक्झॉस्टमधून होतं. तो सिलिंडर उतरला, बाकी तीन अजून जुनेच आहेत.

आता कबुली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आमच्यापैकी एकाची बदली, एकाचं बाळ, माझं आपलं काहीतरी, आणि विमान चार महिने बाहेर उभं राहिलं. ज्या कारणासाठी पहिलं विमान नाकारलं तेच आम्ही स्वतःच्या विमानाला केलं. मधे दोनदा मी जाऊन जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन चालवून आलो, वाटलं मोठं पुण्य केलं. काकांनी झापलं. जमिनीवर चालवून ऑइल पुरेसं तापत नाही, दमटपणा उडून जात नाही, उलट आत जास्त पाणी तयार होतं, यापेक्षा हात लावला नसता तर बरं होतं. चार महिन्यांनी बाहेर काढलं तेव्हा पंखाखालच्या ड्रेनमधून पेट्रोलचा नमुना काढला, कपात निळं पेट्रोल आणि तळाशी पाण्याचा एक बुडबुडा, काचेच्या गोटीसारखा इकडून तिकडे घरंगळत होता. टाकीच्या झाकणाचं रबर वाळून गेलेलं, पाऊस तिथून आत. सहा वेळा नमुना काढल्यावर पाणी संपलं, ते पण पंख धरून विमान हलवल्यावर. पुढच्या ऑइल टेस्टमध्ये लोखंड नेहमीपेक्षा वर. दोन ऑइल चेंजनंतर खाली आलं, पण ते दोन महिने रात्री झोपताना मला कॅमशाफ्ट दिसायचा.

तेव्हापासून नियम, दहा दिवसांत कोणीतरी एक तास उडवायचंच. कॅलेंडरवर पाळ्या लावल्यात. पाळी चुकवली तर दंड ओव्हरहॉलच्या गल्ल्यात. त्यातून भांडणं होतात, पण ती भागीदारीत होणारच, आम्ही पहिल्याच दिवशी सगळं लिहून काढलं होतं, कोण बाहेर पडला तर किंमत कशी ठरवायची, आपटलं तर कोणी भरायचं, म्हणून अजून मित्र आहोत. आणि हो, शक्य असेल तर हँगर घ्या. आम्ही उशिरा घेतला.

खटकणाऱ्या गोष्टी भरभर: पेट्रोलचे काटे फक्त रिकाम्या टाकीला खरं बोलतात, डिपस्टिक ठेवा. पावसात उडताना विंडशील्डच्या कोपऱ्यातून पाणी नेमकं उजव्या मांडीवर. स्पीडच्या डायलवर मैल ठळक आणि नॉट बारीक, कारण त्या काळी तसंच होतं. आवाज भयंकर, चांगल्या हेडसेटवर कंजुषी नको. छोटा पार्ट पण सर्टिफाइडच लागतो, दुकानात तस्साच दिसणारा मिळतो म्हणून बसवता येत नाही.

कोणी घेऊ नये? ज्याला वर्षाला पन्नास तासही जमणार नाहीत त्यानं भाड्यानं उडवावं, स्वस्त पडतं, आणि विमान पण सुखी. ज्याला हात काळे करायला आवडत नाहीत त्यानंही नको. बाकीच्यांनी घ्या, पण क्लबचं घासलेलं, सतत उडणारं बघा.

मागच्या आठवड्यात आमच्या इंजिनाचे २००० तास पूर्ण झाले. खाजगी वापराला ही शिफारस आहे, आम्हाला बंधनकारक नाही, त्यामुळे तिघांची तीन मतं. एक म्हणतो लगेच ओव्हरहॉल, गल्ल्यात पैसे आहेत. एक म्हणतो विकून टाकू. मी म्हटलं काकांना विचारू. काकांनी काहीच न बोलता फिल्टर कापला, घड्या सोडवल्या, उन्हात तिरका धरला, मॅग्नेट फिरवलं. आम्ही तिघं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघतोय. मॅग्नेट जसं गेलं तसंच कोरडं परत आलं. काकांनी ते पुसून खिशात टाकलं आणि म्हणाले, "पन्नास तासांनी परत या."

उद्या सकाळी माझी पाळी आहे.